थर्मोस्टॅट काढू देऊ नका, आधी हवा काढा

घरीच कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) बदललं, पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकीच्या चढाला तापमानाचा काटा वर गेला, हीटर लावून पाहिला तर गार हवा, आणि आता गॅरेजवाला म्हणतोय, "थर्मोस्टॅट काढून टाकू, कटकटच नको." थर्मोस्टॅट म्हणजे कूलंटची वाट उघडबंद करणारी झडप. तुमची ही पोस्ट वाचल्यावर लिहिल्याशिवाय राहवेना. हेच वाक्य मलाही ऐकवलं होतं, आणि ते मला फार महागात पडलंय.

आधीच सांगतो, मी मेकॅनिक नाही. माझी साधी पेट्रोल गाडी आहे. तुमची टर्बो किंवा डिझेल असेल तर मॅन्युअल काय म्हणतंय ते खरं. झाकण कधी उघडायचं, ड्रेन प्लग कुठे असतो, हे तुम्हाला कळतंच, ते सोडून देतो.

इंजिन तापलेलं असताना हीटर गार हवा फेकतोय, म्हणजे हीटरपर्यंत गरम कूलंट पोचतच नाहीये. नुकतंच कूलंट बदललंय म्हटल्यावर पहिला संशय आत अडकलेल्या हवेवर. गाडी पूर्ण गार झाली की पुढची चाकं चढावर येतील अशी लावा, हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा. रेडिएटरचं झाकण काढून हीटर फुल गरमवर ठेवा आणि इंजिन नुसतं चालू ठेवा. रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) अधूनमधून दाबत राहा, बुडबुडे निघतील, पातळी खाली जाईल, तसतसं भरत जा. इंजिन तापत गेलं की कूलंट वर उसळू शकतं, तोंड आणि हात लांब ठेवा. काही गाड्यांना हवा काढायला वेगळा स्क्रू असतो, काहींना रेडिएटरवर झाकणच नसतं, सगळं कूलंटच्या टाकीतूनच भरायचं. रेडिएटरचा फॅन दोनदा लागून बंद झाला आणि हीटरमधून चटका देणारी हवा आली, की हवा निघाली असं समजा.

आणि काढलेलं कूलंट मोजलं होतं का? मॅन्युअलमध्ये साडेपाच लिटर लिहिलंय आणि रेडिएटरमधून साडेतीनच निघालं, तर उरलेलं इंजिनच्या ब्लॉकमध्येच आहे. फ्लश करताना, म्हणजे आतून धुताना, साधं पाणी फिरवलं असेल तर ते पाणीही तिथेच बसलंय. अशा वेळी बाटलीवर "रेडी टू यूज" लिहिलेलं कूलंट घालून उपयोग नाही, ते आणखी पातळ होतं. कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं कूलंट आणा, एकूण क्षमतेच्या निम्मं आधी घाला, वर बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी (ॲसिड नव्हे).

आता थर्मोस्टॅट. साधारण ८२ अंशांना उघडणारी ती छोटी झडप इंजिन लवकर तापवते आणि मग तापमान धरून ठेवते. ती काढली की थंडीत काटा खालीच राहतो, कॉम्प्युटरला वाटतं इंजिन गारच आहे, मग पेट्रोल जास्त जातं. ॲव्हरेज पडतं, हीटर कोमट. गिऱ्हाईक मात्र खूश, कारण काटा वर जात नाही ना!

माझ्या गाडीत खरं दुखणं वॉटर पंपाचं होतं, थेंब थेंब गळत होता. गॅरेजवाल्यानं पंपाकडे न बघता झडप काढली, मला न सांगता, आणि बिलावर लिहिलं "कूलिंग सिस्टीम काम". हिवाळा निघून गेला. उन्हाळ्यात भरल्या गाडीनं घाट चढताना हेड गॅस्केट (इंजिनच्या हेड आणि ब्लॉकमधलं सील) गेलं. वाढीव वॉरंटी होती म्हणून सर्व्हिस सेंटरला नेली, तर त्यांनी उघडून पाहिलं, झडप जागेवर नाही, "बाहेर छेडछाड झालीय", क्लेम नामंजूर. गॅरेजवाला म्हणे आम्ही हातच लावला नाही. सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरचा माणूस म्हणे मेल करा. मेलला उत्तर आलं, काउंटरला भेटा. पंप गळत असल्याचं त्यांच्याच आधीच्या तपासणीत यायला हवं होतं, त्यावर कुणी बोलायला तयार नाही. म्हणून सांगतो, काढलेला प्रत्येक पार्ट मागून घ्या आणि काय काढलं ते बिलावर नावानिशी लिहून घ्या. गॅरेजवाला ओळखीचा असला तर आधी.

पाण्याचं थोडं. आपल्याकडे "कास तलावाचं पाणी गोड, तेच घाल" असं सांगणारे भेटतात. पिण्याला गोड ते रेडिएटरला चालतंच असं नाही. बोअरचं तर नकोच. बादलीला पांढरा थर चढतो तो रेडिएटरच्या नळ्यांतही चढतो. रंग बघूनही कूलंट घेऊ नका, हिरवा-गुलाबी हा कंपनीचा मामला आहे, मॅन्युअलमधला प्रकार बघा.

काढलेलं कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नका. चव गोडसर असते, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. झाकणाच्या कॅनमध्ये, पोरांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा.

हवा काढूनही काटा चढला तर रेटून चालवू नका. फॅन लागतो का बघा, पंपाखाली वाळलेला रंगीत डाग आहे का बघा, आणि झाकणाचा रबर कडक झाला असेल तर झाकण बदला. झडपच अडकली असेल तर नवी बसवा, पण जागा रिकामी ठेवू नका.