फियाटचं रबर बदला, पण पॉलिसीचा तिसरा हप्ता थांबवा

प्रश्न: गुहागरला आमचा होमस्टे आहे. वडिलांच्या १९७४ च्या फियाटच्या पुढच्या काचेचं रबर कडक झालंय, पावसात पाणी आत येतं. गॅरेजवाला १८ हजार सांगतो. पुढे गाडीला चांगली किंमत येईल, दोन वर्षांनी मुलीच्या इंजिनिअरिंगला कामी येईल. तोवर पर्यटकांना फिरवू. खर्च करावा का? होमस्टेचं २२ लाखांचं कर्ज आहे. बँकेतून 'एफडीसारखीच' म्हणून घेतलेली, वर्षाला लाखाची पॉलिसीही आहे. विमा १० लाखांचा, दोन हप्ते भरलेत.

उत्तर: रबर मिरगाच्या आधी बदला. खाऱ्या वाऱ्यात पाणी रबराखाली मुरलं की पत्रा कुजतो, मग १८ हजारांत भागत नाही. वरून सिलिकॉन फासू देऊ नका, पाणी आतच अडकतं. जुनं रबर ओढून काढलं तर काच जाते. ते पात्याने कापायला लावा. पत्रा घासून प्रायमर मारला की नव्या रबराच्या खाचेत दोरी घालतात आणि साबणाचं पाणी लावून आतून ओढत कड बसवतात. प्रायमर तुमच्यासमोर लागू दे.

पण या गाडीतून फी निघेल, हे मनातून काढा. गिऱ्हाईक कधी येईल सांगता येत नाही, कॉलेज तारीख सांगून येतं. पर्यटकांचंही तसंच. खासगी नंबरवर भाडं घेता येत नाही. २०२१ च्या नियमांखाली २० हजार भरून व्हिंटेज (पन्नास वर्षांहून जुनी गाडी) म्हणून नोंदणी केलीत, तर रोजचा वापरही बंद.

माझी खरी काळजी ती पॉलिसी आहे. कर्ज २२ लाख, विमा १० लाख. उद्या तुम्हाला काही झालं तर १२ लाख बायको-मुलीच्या डोक्यावर! ती एफडी नव्हे. तुम्ही पाठवलेल्या कागदावर १० वर्षं लाख-लाख भरून पंधराव्या वर्षी १८ लाख मिळतात. म्हणजे वर्षाला जेमतेम साडेपाच टक्के. सरकारी बचत योजना पीपीएफ एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के देतंय. शिवाय मुलीला पैसे दोन वर्षांनी हवेत, पंधरा नव्हे. असं उत्पादन तुमच्या गळ्यात मारणाऱ्याने कर्जाचा आकडा विचारलाही नसेल, याचा मला राग येतो.

कंपनीकडून सरेंडर (पॉलिसी आत्ताच मोडली तर हातात काय येईल) आणि पेड-अप (हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवली तर शेवटी काय मिळेल), दोन्ही आकडे लेखी मागवा. दोनातला एक लाख बुडाला तरी पुढचे आठ लाख तुमच्या हातात राहतात. त्यातले पहिले दोन मुलीसाठी बँकेच्या आरडीत (दरमहा ठेवीत) टाका, शेअर बाजारात नको. आधी कर्जाहून मोठा, निदान ५० लाखांचा टर्म विमा, म्हणजे बचत नसलेला निव्वळ जीवन विमा, घ्या. तब्येतीची सगळी माहिती खरी भरा. नवी पॉलिसी हातात येईपर्यंत जुनी सरेंडर करू नका. हप्त्याची तारीख त्याआधी आली, तर सवलतीच्या दिवसांत (तारखेनंतर हप्ता भरायला मिळणाऱ्या मुदतीत) विमा चालू राहतो.