पैसा, नाव आणि चौथ्या पानावरचे कलम

आपण विचारले आहे की तंत्रज्ञान क्षेत्रातले मोठे उद्योजक पैशासाठी झटतात की आपल्या मागे नाव राहावे म्हणून. मी सनदी लेखापाल आहे आणि गेली पंचवीस वर्षे पुण्यातल्या लहान-मध्यम सॉफ्टवेअर कंपन्यांची हिशेबतपासणी करतो. कोणाच्या मनात काय चालते हे मला कळत नाही. मात्र माणसाने कोणत्या कागदावर मुकाट्याने सही केली आणि कोणत्या कागदापाशी तो अडून बसला, हे पाहण्याची मला सवय आहे, आणि त्या सवयीच्या आधारावरच हे उत्तर देतो. पैशाची ओढ बहुधा पहिल्या काही वर्षांत खरी असते आणि नावाची चिंता साठीच्या आसपास सुरू होते. मधली जी तीस वर्षे उरतात, आणि ज्यांत कंपनी खऱ्या अर्थाने उभी राहते, ती वर्षे ताबा या तिसऱ्याच गोष्टीवर चालतात. आपण उभारलेल्या गोष्टीबद्दलचा शेवटचा शब्द आपलाच असावा, ही ती ओढ.

दहा-बारा वर्षांपूर्वी माझ्या एका अशिलाची कंपनी विकत घ्यायला एक परदेशी कंपनी तयार झाली होती. दीडशेच्या आत माणसे, बाणेरला भाड्याचे दोन मजले, कर्ज जवळजवळ नाही. किंमत पहिल्याच बैठकीत ठरली आणि ती इतकी होती की त्याच्या दोन पिढ्यांनी बसून खाल्ले असते. कराराच्या मसुद्याची पाने आम्ही दोघे त्याच्या केबिनमध्ये बसून वाचत होतो. चौथ्या पानावर एक अगदी नेहमीचे कलम होते: विक्रीनंतर तीन वर्षे तो व्यवस्थापकीय संचालक राहील, मात्र दहा लाखांवरच्या कोणत्याही खर्चाला आणि वरिष्ठ पदावरच्या प्रत्येक नेमणुकीला खरेदीदाराची लेखी संमती लागेल. त्याने पेन्सिलीने त्या कलमाभोवती गोल काढला. “म्हणजे साहेब, मला माणूस घ्यायचा असेल तर मी यांना विचारायचे?” मी म्हटले, पैसे त्यांचे असणार, तेव्हा एवढे विचारणारच. तो काही बोलला नाही. पेन्सिल मात्र त्याच गोलावरून फिरत राहिली आणि शेवटी कागद फाटला. व्यवहार झाला नाही. पुढच्या सोमवारी तो वातानुकूलन यंत्रांच्या देखभालीच्या ठेक्यात वर्षाला सहा हजार वाचवण्यासाठी ठेकेदाराशी हुज्जत घालत होता. हा माणूस पैशाच्या मागे आहे की नाही, हे मला आजही एका शब्दात सांगता येणार नाही.

हेच मोठ्या प्रमाणावर पाहायचे असेल तर मार्क झुकरबर्ग यांचे उदाहरण घ्यावे. २००६ साली याहूने फेसबुकसाठी सुमारे एक अब्ज डॉलर देऊ केले तेव्हा ते २२ वर्षांचे होते, आणि त्यांनी नकार दिला. यावरून त्यांना पैशाचा मोह नव्हता असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. पुढे कंपनीची किंमत कित्येक पटींनी वाढली म्हणून तो दूरदृष्टीचा लोभ होता, असे म्हणणारेही भेटतात. मला त्यापेक्षा २०१५ नंतरचा घटनाक्रम बोलका वाटतो. त्या वर्षाच्या डिसेंबरमध्ये, मुलीच्या जन्माच्या वेळी, पती-पत्नींनी आपल्या ९९ टक्के समभागांचे मूल्य हयातीत लोककार्याला देण्याचे जाहीर केले. त्यासाठी नेहमीचा धर्मादाय न्यास न करता मर्यादित दायित्वाची कंपनी स्थापन केली, कारण तिच्यावर देणाऱ्याचा हात पूर्ण राहतो. पाठोपाठ २०१६ मध्ये फेसबुकने मताधिकार नसलेल्या नव्या समभागांचा प्रस्ताव आणला, ज्यायोगे झुकरबर्ग यांना समभाग वाटून टाकता आले असते आणि मते मात्र त्यांच्याकडेच राहिली असती. काही भागधारक न्यायालयात गेले आणि २०१७ च्या सप्टेंबरमध्ये, खटला उभा राहण्याच्या तोंडावर, कंपनीने तो प्रस्ताव मागे घेतला. पैसा सोडायला जो माणूस तयार आहे, तोच मते सोडायला तयार नाही, हे त्या कागदांत स्वच्छ दिसते. इलॉन मस्क यांनी तर आडपडदाही ठेवला नाही: टेस्लामध्ये आपल्याकडे सुमारे २५ टक्के मते नसतील तर कृत्रिम बुद्धिमत्तेचे पुढचे काम तिथे वाढवणे आपल्याला रुचणार नाही, असे त्यांनी २०२४ च्या जानेवारीत उघड लिहिले.

आपल्याकडे मात्र ही गोष्ट इतक्या उघडपणे बोलली जात नाही. आपल्या भाषेत वारसा म्हटले की आधी सातबारा डोळ्यांपुढे येतो, मग वारस आणि त्यानंतर कुठे कीर्ती. कदाचित म्हणूनच आपले उद्योजक या तिन्हींची गल्लत होऊ नये म्हणून फार जपून बोलतात. इन्फोसिसची कथा या दृष्टीने नीट वाचावी. १९८१ साली पुण्यात सात अभियंत्यांनी ही कंपनी सुरू केली, तेव्हा सुधा मूर्ती यांनी दिलेले दहा हजार रुपये हेच भांडवल होते. नऊ वर्षे झाली तरी फारसे काही हाती लागले नव्हते, आणि १९९० मध्ये कंपनी दहा लाख डॉलरला विकत घेण्याचा प्रस्ताव आला. नारायण मूर्तींनी स्वतः सांगितलेली हकीकत अशी की सहकाऱ्यांची चलबिचल त्यांनी ऐकून घेतली आणि शेवटी म्हणाले, तुम्हाला बाहेर पडायचे असेल तर तुमचे हिस्से मीच विकत घेतो. खिशात तेव्हा काहीही नव्हते. कोणीच बाहेर पडले नाही. या प्रसंगात पैसा नाही, कारण पैसा समोरच्या बाजूने येत होता. आणि नावही नाही, कारण मागे ठेवण्याजोगे नाव अजून झालेच नव्हते.

पुढे पैसाही आला आणि नावही झाले. १९९३ मध्ये समभाग बाजारात आले, १९९९ मध्ये कंपनी नॅस्डॅक या अमेरिकी शेअर बाजारावर गेली, आणि कर्मचाऱ्यांना समभाग देण्याची पद्धत रूढ करून या संस्थापकांनी संपत्ती वाटूनही दाखवली. हे श्रेय निर्विवाद आहे. २०११ मध्ये मूर्ती निवृत्त झाले. २०१३ च्या जूनमध्ये संचालक मंडळाने त्यांना परत बोलावले, तेव्हा त्यांनी वर्षाला एक रुपया वेतन घेतले आणि मुलाला कार्यकारी सहायक म्हणून सोबत आणले. संस्थापकांची मुले व्यवस्थापनात येणार नाहीत, हे तत्त्व पूर्वी त्यांनीच मांडलेले असल्यामुळे त्यावर टीका झाली, आणि २०१४ मध्ये ते पुन्हा बाजूला झाले. २०१७ मध्ये सर्व संस्थापकांचा मिळून हिस्सा जेमतेम १३ टक्के होता. तरीही कारभाराच्या शिस्तीवरून मूर्तींनी संचालक मंडळावर जाहीर टीका सुरू ठेवली, ऑगस्टमध्ये मुख्य कार्यकारी अधिकारी विशाल सिक्का यांनी राजीनामा दिला आणि सहसंस्थापक नंदन निलेकणी अध्यक्ष म्हणून परतले. त्या वादात मूर्तींनी स्पष्ट केले होते की आपल्याला पैसा, मुलांसाठी पद किंवा सत्ता यांपैकी काहीही नको आहे. मला ते खरे वाटते. पण एक रुपया वेतन घेणारा, आणि नंतर तर कोणतेही पद नसलेला माणूस जेव्हा मंडळाला जाब विचारतो, तेव्हा ‘हे माझ्या हातचे आहे आणि ते असे चालता कामा नये’ ही भावना पैशापेक्षा किती पक्की असते, ते दिसते.

दुसरे उदाहरण माझ्या जवळचे आहे, कारण माझे आजोळ जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरचे. विप्रोचा उगम तिथलाच. १९४५ मध्ये महंमद हाशम प्रेमजी यांनी तिथे वनस्पती तुपाचा कारखाना काढला. १९६६ मध्ये त्यांचे अकस्मात निधन झाले आणि स्टॅनफर्डला शिकणारे अझीम प्रेमजी २१ व्या वर्षी शिक्षण सोडून परत आले. भागधारकांच्या सभेत एकाने उभे राहून त्यांना सुनावले की हे तुमच्या आवाक्यातले नाही, तुमचा हिस्सा एखाद्या जाणत्या माणसाला विकून टाका. प्रेमजींनी ही आठवण पुढे अनेकदा सांगितली आहे, आणि त्या बोलण्याने आपली जिद्द वाढली असेही म्हटले आहे. तूप-साबणाच्या त्या कंपनीने १९७७-७८ च्या सुमारास आयबीएम भारतातून बाहेर पडल्यानंतर मोकळी झालेली जागा हेरली आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ती संगणकात उतरली.

अमळनेरमध्ये त्या कंपनीचे समभाग घरोघर होते. माझ्या मामांकडेही काही होते, आणि बोनस समभाग मिळत मिळत ते किती वाढले आहेत, हे मीच एका उन्हाळ्यात मांडी घालून त्यांना मोजून दाखवले. पत्र्याच्या ट्रंकेत, लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली ती प्रमाणपत्रे ठेवलेली होती. आकडा ऐकून मामी दारात येऊन उभ्या राहिल्या. मी म्हटले, निम्मे तरी विका, घराचे छत गळते आहे. मामा म्हणाले, “अरे, ते कारखान्याचे आहेत. छताला विकतात काय?” छत त्यांनी पुढे पेन्शनमधून दुरुस्त करून घेतले. तेव्हा ‘ही माणसे पैशाने हलतात का’ हा प्रश्न मी केवळ अब्जाधीशांना विचारत नाही.

प्रेमजींनी २०१९ च्या मार्चमध्ये विप्रोतील आणखी ३४ टक्के समभागांचे आर्थिक लाभ आपल्या प्रतिष्ठानाच्या कामाला दिले. त्यांची त्या वेळची किंमत ५२,७५० कोटी रुपये होती आणि आधीचे धरून एकूण दान सुमारे १ लाख ४५ हजार कोटींवर गेले. सरकारी शाळांतल्या शिक्षणासाठी एवढा पैसा देणारा दुसरा भारतीय उद्योजक मला ठाऊक नाही, आणि पुढे जे लिहितो आहे त्याने त्याचे मोल कमी होत नाही. पण त्या घोषणेतला ‘आर्थिक लाभ’ हा शब्दप्रयोग माझ्यासारखा माणूस दोनदा वाचतो. समभाग प्रवर्तक गटातच, म्हणजे कंपनी चालवणाऱ्या घराण्याच्या गटातच, मोजले जातात, मतदानात त्याच गटाचा शब्द चालतो, आणि त्याच वर्षीच्या जुलैमध्ये अध्यक्षपद मुलाकडे, रिशद यांच्याकडे गेले. लाभांश समाजाचा आणि सुकाणू घरातले, ही रचना मला लबाडी वाटत नाही. उलट दानाचा झरा आटू नये म्हणून कंपनी आपल्या हाती ठेवणे शहाणपणाचेही असेल. फक्त ‘पैसा की नाव’ या प्रश्नात या रचनेला जागा नाही.

नावाची चिंता कशी दिसते, हे पाहायचे तर बिल गेट्स यांच्याकडे पाहावे. १९९८ मध्ये अमेरिकी सरकारने त्यांच्या मायक्रोसॉफ्टवर मक्तेदारीचा खटला भरला तेव्हा ते प्रतिस्पर्ध्याला जागा न देणारे व्यापारी म्हणून ओळखले जात. २०२५ च्या मे महिन्यात, सत्तरीला टेकलेले असताना, त्यांनी जवळजवळ सारी संपत्ती २० वर्षांत खर्चून ३१ डिसेंबर २०४५ रोजी प्रतिष्ठान बंद करण्याचे जाहीर केले, आणि आपण गेल्यावर लोक काहीही म्हणोत, पण ‘श्रीमंत म्हणून मेला’ असे म्हणता कामा नये, अशा अर्थाचे लिहिले. मृत्यूनंतर लोक काय म्हणतील हा विचार तिशीतल्या गेट्सना शिवला असेल, असे मला वाटत नाही. आणि तरीही, संस्था कोणत्या तारखेला बंद व्हावी हे आपणच ठरवून जाण्यात जुना स्वभाव डोकावतोच.

माझ्या म्हणण्याला छेद देणारी माणसेही आहेत. फेसबुकने विकत घेतलेल्या व्हॉट्सॲपचे सहसंस्थापक ब्रायन ॲक्टन यांनी जाहिरातींच्या धोरणावरून २०१७ मध्ये फेसबुक सोडले आणि अजून पदरात न पडलेल्या सुमारे ८५ कोटी डॉलरच्या समभागांवर पाणी सोडले. पुढच्या वर्षी सिग्नल या संदेशसेवेच्या प्रतिष्ठानाला त्यांनी ५ कोटी डॉलर दिले. अर्थात तोवर ते अब्जाधीश झालेले होते, हेही खरे. टीसीएस घडवणारे फकीरचंद कोहली तर मालकच नव्हते. टाटांचे पगारी अधिकारी म्हणून त्यांनी देशातली सर्वांत मोठी सॉफ्टवेअर कंपनी उभी केली आणि निवृत्तीनंतर संगणकाच्या साहाय्याने प्रौढांना वाचायला शिकवण्याच्या कामात रमले. ताब्याची भूक त्यांना नसावी, किंवा असली तरी ती कामातच भागली असावी.

माझ्या त्या अशिलाने साठी ओलांडल्यावर गेल्या वर्षी बाहेरचा मुख्य कार्यकारी अधिकारी नेमला. नियुक्तिपत्राचा मसुदा तपासायला माझ्याकडे पाठवला होता. त्यात एक कलम होते: दहा लाखांवरच्या खर्चाला आणि वरिष्ठ नेमणुकांना संस्थापकांची लेखी संमती आवश्यक राहील. मी फोन करून विचारले, हे ठेवायचे का? तो म्हणाला, “साहेब, ते तर नेहमीचे कलम आहे.”