अणुबॉम्ब घेऊन निघालेलं विमान टेक-ऑफलाच पडलं तर?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत: अशा अपघातात अणुस्फोट होईल का, आणि बिघाड दिसताच वैमानिक धावपट्टीवरच का थांबत नाहीत. दोन्हींचं उत्तर एकाच घटनेत मिळतं. ५ ऑगस्ट १९५० ची रात्र, कॅलिफोर्नियातला फेअरफील्ड-सुइसन हवाई तळ.

कोरियात युद्ध पेटून जेमतेम सहा आठवडे झाले होते. अमेरिकेच्या ट्रुमन सरकारने बी-२९ या बॉम्बफेकी विमानांतून मार्क-४ जातीचे अणुबॉम्ब प्रशांत महासागरातल्या ग्वाम बेटावर हलवायचं ठरवलं होतं. त्यातल्या एका विमानात २० जण होते. ब्रिगेडियर जनरल रॉबर्ट ट्रॅव्हिसही त्यात होते, आणि विमान कॅप्टन यूजीन स्टेफ्स यांच्या हातात होतं.

चाकं जमीन सोडणार तेवढ्यात दोन नंबरच्या इंजिनाचा प्रॉपेलर बिघडला. मी नोकरीची सगळी वर्षं प्रॉपेलरच्या विमानांची देखभाल केली, त्यामुळे इथे थोडा रेंगाळतो. पात्यांचा कोन 'गव्हर्नर' नावाचा नियंत्रक सांभाळत असतो. तो फसला तर पाती सपाट होऊन हवा कापेनाशी होतात आणि फेरे सुसाट वाढतात. वेळीच आवरलं नाही तर इंजिनाच्या चिंधड्या उडतात. म्हणून प्रॉपेलर 'फेदर' करतात, म्हणजे पाती वाऱ्याच्या रेषेत वळवून पंखा थांबवतात. स्टेफ्सनी तेच केलं. पण चारातलं एक इंजिन गेलं ते गेलंच.

मग थांबले का नाहीत? एका ठरावीक वेगापर्यंत ब्रेक मारून थांबता येतं, त्यापुढे उरलेली धावपट्टी पुरत नाही. इंधन आणि बॉम्ब घेतलेलं बी-२९ साठेक टनांचं धूड असायचं. त्या क्षणाला थांबायला गेलं तर धावपट्टीच्या टोकापलीकडे जाऊन आगच. उडायचं ठरवलं त्यात माझ्या मते काहीच चूक नव्हती.

पुढे मात्र सगळंच फिरलं. चाकं आत जाईनात, आणि आणखी एका इंजिनाच्या प्रॉपेलरने दगा दिला. लटकती चाकं विमानाला मागे खेचतात, आणि पुढे जमीन चढत गेलेली. स्टेफ्सनी विमान वळवून तळाकडे आणलं, पण डावा पंख सावरेना. समोर तळावरच्या कुटुंबांची ट्रेलर-घरं होती. ती टाळण्यासाठी त्यांनी विमान डावीकडे घसरू दिलं आणि ते तिथेच आदळलं. मागच्या भागातले दहाच्या दहा जण गेले, पुढच्या भागातले ट्रॅव्हिस आणि आणखी एक जण गेले. स्टेफ्स वाचले.

आता बॉम्बचं. त्या काळी बॉम्बचा अणुगाभा, म्हणजे ज्यातून अणुस्फोट होतो तो आतला गोळा, वेगळा ठेवत आणि वेळ आलीच तर बसवत. या बॉम्बमध्ये तो नव्हताच, त्यामुळे अणुस्फोट शक्यच नव्हता. पण गाभा दाबायला त्याच्याभोवती नेहमीची स्फोटकं बसवलेली असतात, ती मार्क-४ मध्ये सुमारे ५००० पौंड होती, म्हणजे सव्वादोन टनांच्या वर. आग लागून पंधरा-वीस मिनिटं झाली, अग्निशामक जवान अजून झुंजत होते, आणि ती स्फोटकं उडाली. जमिनीवरचे सात जण ठार झाले. एकूण बळी १९. स्फोट ३० मैलांपर्यंत जाणवला. ज्या ट्रेलर-घरांवर विमान पडू नये म्हणून धडपड झाली, त्यांचंही या स्फोटाने मोठं नुकसान झालं.

हवाई दलाने तेव्हा सांगितलं की हे लांब पल्ल्याचं सरावाचं उड्डाण होतं आणि विमानात साधे ५०० पौंडी बॉम्ब होते. युद्धकाळात असं खोटं बोलतात हे समजू शकतं, पटत नाही. पुढच्याच वर्षी तळाला ट्रॅव्हिस यांचं नाव दिलं, ते आजही आहे.

गाभा बसवलेला असता तर? तरीही पूर्ण अणुस्फोटाची शक्यता फार कमी होती. त्यासाठी सगळी स्फोटकं चहूबाजूंनी एकाच क्षणी, सेकंदाच्या दशलक्षांश भागाच्या अचूकतेने पेटावी लागतात, आणि आगीत ती कुठूनही पेटतात. याचं उदाहरण १९६६ साली स्पेनमधल्या पालोमारेसला दिसलं: हवेत दोन विमानं धडकली, खाली पडलेल्या बॉम्बपैकी दोघांतली नेहमीची स्फोटकं फुटली, अणुस्फोट झाला नाही, पण गाभ्यातलं किरणोत्सारी प्लुटोनियम शेतांवर पसरलं. आगीत सहजी न फुटणारी स्फोटकं अमेरिकेच्या अण्वस्त्रांत यायला १९७० च्या दशकाची अखेर उजाडली.