ग्रीसमध्ये जुनी शिडाची बोट घेऊन ठेवावी की दर सुट्टीत भाड्याने घ्यावी?

तुम्ही जर्मनीत राहता, मुलं सात आणि दहा वर्षांची, रजा वर्षाला दोन-तीन आठवडे आणि नजर ३६ फुटी जुन्या बोटीवर. एवढ्या रजेत भाड्यानेच घ्या. पैशांपेक्षाही रजेच्या दिवसांचा हिशेब मला महत्त्वाचा वाटतो.

हिवाळाभर किनाऱ्यावरच्या यार्डात उभी असलेली बोट थेट पाण्यात सोडता येत नाही. तळ घासून अँटिफाउलिंग (शेवाळ-शिंपले चिकटू न देणारा रंग) लावायचं, झिंक अनोड (धातूचे भाग गंजू नयेत म्हणून लावलेले जस्ताचे तुकडे), तेल, फिल्टर आणि इम्पेलर (इंजिन थंड ठेवणाऱ्या पंपाचं रबरी चक्र) बदलायचे, सगळे सीकॉक (तळातल्या भोकांचे व्हॉल्व्ह) उघडझाप करून पाहायचे, शिडं चढवायची. काही मोडलेलं नसलं तरी दोघांना तीन-चार दिवस लागतात, परतताना आवराआवरीचे दोन दिवस वेगळे. तोवर उन्हात तापलेल्या यार्डात मुलांनी करायचं काय?

पंधरा-वीस वर्षं जुन्या बोटीचा यार्ड, क्रेन, विमा आणि देखभालीचा खर्च वर्षाला सहा ते आठ हजार युरो धरा. मोठी कामं वेगळीच. डोलकाठीच्या पोलादी तारा दहा-पंधरा वर्षांनी बदला असं विमावाले सांगतात. सेलड्राइव्हचा (इंजिनपासून तळातून खाली पंख्यापर्यंत जाणाऱ्या भागाचा) पाणी अडवणारा रबरी पडदा इंजिन बनवणाऱ्या व्होल्वोच्या सूचनेप्रमाणे सात वर्षांनी बदलायचा, आणि त्यासाठी बहुधा इंजिन जागेवरून सरकवावं लागतं. तशीच बोट मे-जूनमध्ये आठवड्याला साधारण दीड ते अडीच हजार युरो भाड्याने मिळते, ऑगस्टमध्ये तीनच्या वर. म्हणजे वर्षाला पाच-सहा आठवडे पाण्यावर काढणार असाल, आणि बिल्जमध्ये (बोटीच्या तळाशी घाण पाणी साचतं त्या जागेत) हात घालायची हौस असेल, तरच विकत घेण्यात अर्थ आहे. बव्हेरियात असाल तर पेंटेकॉस्ट सणाची मे-जूनमधली दोन आठवड्यांची शाळेची सुट्टी भाड्याच्या बोटीसाठी उत्तम.

जागा ग्रीसच्या पश्चिमेकडच्या आयोनियन समुद्राची निवडा: लेफकाडा, मेगानिसी, इथाका ही बेटं. सकाळी पाणी शांत, दुपारनंतर वायव्येचा वारा, एका मुक्कामापासून दुसऱ्यापर्यंत दहा-पंधरा सागरी मैल. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रातली सिक्लाडिस बेटं मुलांसोबत टाळा. तिथे मेल्टेमी हा उन्हाळ्यातला उत्तरेचा वारा कित्येक दिवस सहा-सात बोफर्टने (वाऱ्याच्या जोराचं माप; एवढा वारा फार जोराचा) वाहतो, आणि भाड्याची बोट बहुधा शुक्रवारी संध्याकाळी कंपनीच्या बंदरात परत हवी असते. त्या घाईपायी लोक नको त्या हवेत निघतात. भाड्याच्या बोटीचा खरा धोका हाच. म्हणून बुधवारपासूनच तोंड परतीकडे ठेवा.

एसबीएफ-झे हा समुद्रात बोट चालवण्याचा जर्मन परवाना लागेल. ग्रीसमध्ये सोबतच्या एका प्रौढाच्या अनुभवाचं लेखी निवेदनही मागतात.  अनामत बहुधा दीड ते अडीच हजार युरो असते, तिचा विमा काढा. ताबा घेताना डायव्हिंगचा मास्क लावून पाण्याखालची कील (बोटीच्या तळाचा जड पंखा) आणि सुकाणूचं चित्रीकरण करा, शिडं पूर्ण उघडून पाहा, नांगराचं विंडलास (साखळी ओढणारं यंत्र) आणि डिंगीचं (किनाऱ्यावर जायच्या छोट्या होडीचं) इंजिन चालवून घ्या. मुलांच्या वजनाप्रमाणे लाइफजॅकेट आणि कठड्याची जाळी आधीच लिहून मागा. शौचालयात कागद टाकायचा नाही हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगा. पाइप तुंबला की साफसफाईचं बिल तुमच्याच नावावर येतं.

पुढे विकत घ्यावीशी वाटलीच, तर आधी तेच मॉडेल आठवडाभर भाड्याने वापरा. मग स्वतंत्र सर्व्हेअरला (बोट तपासणाऱ्या तज्ज्ञाला) बोट पाण्याबाहेर काढून दाखवा. कीलच्या बोल्टांभोवती गंजाचे ओघळ आणि फिटिंगजवळ पायाखाली दबणारा डेक त्याने तपासलाच पाहिजे. व्हॅट भरल्याचा मूळ कागद हाती येईपर्यंत विसारही देऊ नका.