दोन ड्राइव्ह, दोन सिस्टिम: आधी एवढं बघ

विंडोजच्या लॅपटॉपमध्ये दुसऱ्या ड्राइव्हवर उबुंटू (लिनक्स सिस्टिमचाच एक प्रकार) टाकलं तरी थेट विंडोजच उघडतंय ना? घाबरू नकोस, काही पुसलं गेलेलं नाही. बहुतेक वेळा बूटचा क्रम (चालू होताना कुठली सिस्टिम आधी उघडायची तो) तेवढा चुकलेला असतो. पण बायोसला (लॅपटॉपच्या मूळ सेटिंगला) हात लावण्याआधी बिटलॉकरची (विंडोजच्या ड्राइव्ह-कुलुपाची) ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घे. मग बायोस उघडायला लॅपटॉप चालू करताना एफ२ दाब (काही लॅपटॉपवर एफ१० किंवा डिलीट), बूट यादीत ‘उबुंटू’ सगळ्यात वर आण, सेव्ह कर.

नवख्यांची मोठी चूक वेगळीच. लिनक्स दुसऱ्या ड्राइव्हवर टाकलं, तरी इन्स्टॉलर बूटलोडर (सिस्टिम सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम) बऱ्याचदा पहिल्या, म्हणजे विंडोजच्या ड्राइव्हच्या ईएफआय विभागात (बूटच्या फायलींच्या जागेत) ठेवतो. पुढं विंडोजचा ड्राइव्ह फॉरमॅट केला की लिनक्सही उठत नाही. म्हणून इन्स्टॉल करताना विंडोजचा ड्राइव्ह बायोसमधून बंद ठेव. ती सोय नसेल तर स्क्रू काढून बाहेरच काढ. पाच मिनिटांचं काम, पण करच.

- विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप (पूर्ण बंद न होता पटकन चालू व्हायची सोय) बंद कर, नाहीतर लिनक्समधून त्या ड्राइव्हवर लिहिता येत नाही.
- विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागं दिसलं तर बिघाड समजू नकोस; लिनक्स लॅपटॉपच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ, आपल्या साडेपाच तास मागं) ठेवतं आणि विंडोज तीच आपली वेळ समजतं.
- पावसाळ्यात खानापूर, बेळगावकडं करंट कधी जाईल नेम नाही. बॅटरी पूर्ण भरूनच बस.

ग्रबच्या (उबुंटूच्या बूटलोडरच्या) फायलींना आत्ता हात लावू नकोस.