कमरेतलं इंजेक्शन नको म्हणणाऱ्या काकू

"गुडघा बदला, पण कमरेत सुई टोचून घेणार नाही. पूर्ण भूल द्या." इंदूरच्या रामबागेत राहणाऱ्या ६८ वर्षांच्या काकू खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाल्या. ऑपरेशनच्या आधी पेशंटशी आणि घरच्यांशी बोलणं हे माझं काम, आणि हे वाक्य मला वरचेवर ऐकू येतं.

काकूंच्या जाऊबाईंचं सिझेरियन कमरेतल्या इंजेक्शनवर, म्हणजे जागं ठेवून फक्त कमरेखालचा भाग बधिर करून, झालं होतं. "तेव्हापासून तिची कंबर गेली ती गेलीच." बाळंतपणानंतर कंबरदुखी खूप जणींना होते, ते इंजेक्शन घेतलेलं असो वा नसो. सुईने कंबर कायमची दुखते असं अभ्यासांत आढळलेलं नाही. टोचल्या जागी दोन-चार दिवस ठणकतं, एवढंच.

मग मी काकूंना दोन्ही हात कमरेच्या हाडांवर ठेवायला सांगितले. "या दोन हाडांना जोडणारी रेघ पाठीवर जिथे येते ना, त्याच्या आसपास सुई जाते. मज्जारज्जू त्याच्या बराच वर संपतो." त्यांनी अंगठ्याने पाठीवर ती जागा चाचपली, सुनेलाही दाखवली.

सुनेचा प्रश्न वेगळा होता. "ताई, आई लवकर बऱ्या कशाने होतील?"

फरक पडतो तो मुख्यतः पहिल्या एक-दोन दिवसांत. पूर्ण भुलीनंतर मळमळ, गुंगी, श्वासासाठी घातलेल्या नळीमुळे घसा दुखणं जास्त दिसतं. कमरेतल्या भुलीत पेशंट लवकर सावध होतो, चहा मागतो. पाय काही तासांत हलू लागतात, मात्र लघवी अडू शकते. दोन्ही प्रकारांत मांडीतल्या नसेजवळ वेगळं इंजेक्शन देता येतं. त्याने गुडघा शांत राहतो आणि मांडीची ताकद बरीच टिकते, म्हणून त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करता येतं. पण सहा आठवड्यांनी गुडघा किती वाकेल हे भुलीपेक्षा व्यायामावर आणि वेळेवर घेतलेल्या दुखण्याच्या गोळ्यांवर ठरतं. पूर्ण भुलीने म्हातारी माणसं भ्रमिष्ट होतात, हीसुद्धा एक पक्की समजूत. खुब्याचं हाड मोडलेल्या रुग्णांवरच्या दोन मोठ्या चाचण्या २०२१ मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्यांत ऑपरेशननंतरच्या भ्रमाचं प्रमाण दोन्ही भुलींत जवळपास सारखंच निघालं.

काकू ऐकत होत्या, पण पदराचं टोक बोटाला गुंडाळणं थांबत नव्हतं. मी सुनेला फाइल आणायला पाठवलं आणि विचारलं, "काकू, अजून काय आहे मनात?"

बऱ्याच वेळाने त्या हळूच म्हणाल्या, "जागी असले तर हाड कापल्याचा आवाज येईल ना गं?"

येतो. करवतीचा येतो, हातोडीचाही येतो. हे मी कधी लपवत नाही, कारण टेबलावर कळलं तर विश्वास तिथेच तुटतो. पण समोर पडदा असतो, शिरेतून झोपेचं औषध देतात, कानात हेडफोन चालतात. "मोबाइलवर अथर्वशीर्ष लावू देतील?" भूलतज्ज्ञांना विचारलं, ते लगेच हो म्हणाले.

फाइल आली तेव्हा त्यात क्लोपिडोग्रेलची गोळी दिसली. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना कमरेत सुई घातली तर आत रक्त साकळून नसांवर दाब येऊ शकतो. हृदयाच्या डॉक्टरांना विचारून ती थांबवली आणि ऑपरेशन आठवडाभर पुढे गेलं. अशी गोळी स्वतःच्या मनाने मात्र कधीही बंद करू नका. आणि पिशवीतली सगळी औषधं भूलतज्ज्ञांसमोर ठेवा, आयुर्वेदिकसुद्धा.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा काकू पलंगाच्या कडेला पाय सोडून बसल्या होत्या. "दुसरं आवर्तन सुरू झालं एवढं आठवतंय," म्हणाल्या. कंबर कशी आहे विचारलं, तर अंगठा बरोबर त्याच जागी नेला. "इथे दाबलं की थोडं ठणकतं."

तेवढ्यात फिजिओथेरपिस्ट वॉकर घेऊन आल्या. काकूंनी पदर खोचला.