ओढणी, गटाराची जाळी आणि कोकणातले चढ

या महिन्यात पत्रं भरपूर आली, जागा तेवढीच, म्हणून चारच घेतलीत. "कुठली सायकल घेऊ" विचारणाऱ्या सगळ्यांना एकच उत्तर, घरात जी आहे ती आधी तीन महिने चालवा, मग बोलू.

प्रश्न: मी ४३ वर्षांची, कोपरखैरणेला राहते, ऑफिस वाशीत. मुलगा पुण्याला शिकायला गेला, त्याची गिअरची सायकल गॅलरीत पडून आहे. ती घेऊन ऑफिसला जावंसं वाटतं, पण ठाणे-बेलापूर रोडची धडकी भरते, घरचे म्हणतात या वयात कशाला. आणि घाम, ड्रेस, ओढणी, याचं काय?

उत्तर: ताई, त्या रोडवर जायचंच कशाला? कंटेनर आणि कंपन्यांच्या बसेस जिथून सुसाट जातात तिथे मी पण जात नाही, आणि मला सायकल चालवायला लागून वीस वर्षं झाली. सिडकोने सेक्टर पाडून शहर वसवलं त्याचा आपल्याला हाच फायदा, कोपरखैरणेतून वाशीला आतून रस्ता आहे, चार-पाच किलोमीटर होतील, रमतगमत गेलात तरी अर्ध्या तासाच्या आत. पहिल्यांदा रविवारी सकाळी नुसतं जाऊन या, सिग्नल कुठे, स्पीडब्रेकर कुठे, शाळेपाशी गर्दी कुठे होते ते बघून ठेवा.

आतल्या रस्त्यावर ट्रकची भीती नाही, भीती आहे ती उभ्या गाड्यांच्या दाराची. माणूस आत बसून मोबाइल बघत असतो आणि न बघता खाडकन दार उघडतो. म्हणून अगदी कडेला चिकटून चालवायचं नाही, गाड्यांपासून हातभर लांब राहायचं, मागचा हॉर्न मारेल, मारू दे, त्याला तुम्ही दिसलात म्हणूनच मारतोय ना. स्टॉपवर थांबलेल्या बसच्या डावीकडून मात्र कधीही घुसू नका, माणसं तिकडूनच उतरतात.

आता ओढणी. हसू नका, हा खरंच मोठा प्रश्न आहे. माझ्या बहिणीची ओढणी एकदा मागच्या चाकात गेली, दोन फेऱ्यांत दातऱ्यात अशी गुंडाळली की सायकल जागेवर गप्प, शेवटी समोरच्या टेलरकडून कात्री आणून कापली. बांधणीची होती, अजून ऐकवते. तर ओढणी घरीच घडी करून बॅगेत, ऑफिसात पोचल्यावर घ्यायची. मुलाच्या सायकलला चेनकव्हर, मडगार्ड, कॅरिअर, स्टँड यातलं बहुतेक काहीच नसणार, या सायकली विकतातच तशा नागड्या, नाक्यावरच्या सायकलवाल्याकडून हे सगळं बसवून घ्या. सीटची उंची पण बघा, टाच पेडलवर ठेवून पेडल पार खाली नेलं की पाय सरळ व्हायला हवा, गुडघा वाकलेला राहिला तर आठ दिवसांत दुखायला लागेल आणि दोष वयाला जाईल. घामाचं म्हणाल तर बॅग पाठीवर नको, कॅरिअरला बांधा, अर्धा घाम तिथेच वाचतो. एक जादा कुर्ता ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवा.

घरच्यांना काही सांगत बसू नका. येताना भाजी घेऊन या.

प्रश्न: पावसात चेन गंजते, कुरकुर करते. खोबरेल तेल लावलं तर चालेल का?

उत्तर: नाही. ते चिकट होतं आणि धूळ धरून बसतं. गंज काढायचा स्प्रे मिळतो तो पण साफ करायलाच आहे, वंगण म्हणून त्याच्या भरवशावर राहू नका. भिजून आलात की जुन्या बनियनने चेन पुसायची, सुकली की चेनचं ऑइल थेंब थेंब आतल्या बाजूने सोडायचं, पेडल उलटं फिरवायचं आणि मग वरचं पुसून टाकायचं. हे शेवटचं पुसणं सगळे विसरतात.

प्रश्न: दादा, मी घोडबंदर रोडला राहतो, वय २४. मित्र आणि मी डिसेंबरमध्ये सायकलने किनाऱ्या-किनाऱ्याने रत्नागिरीला जायचं म्हणतोय. दोघांकडे जाड टायरच्या साध्या एमटीबी आहेत. रोज १०० किमी जमेल का?

उत्तर: हायवेला जमलं असतं, किनाऱ्याने नाही. नकाशावर तो रस्ता समुद्राला लागून दिसतो म्हणून सपाट वाटतो, आणि तिथेच सगळे फसतात. प्रत्येक खाडीला खाली उतरायचं, मग परत जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर चढायचं, की पुढची खाडी हजर. रोज ५०-६० धरा, दुपारी मासे खाऊन झोपा.

ठाण्याहून पहाटे निघून भाऊचा धक्का गाठा, तिथून बोटीने मांडव्याला उतरा, नाहीतर उरणला जाऊन करंजाहून रेवस. मग अलिबाग, रेवदंडा, मुरूड. पुढे खरी मजा फेरीबोटींची: आगरदांड्याहून दिघी, बागमांडल्याहून वेश्वी, दाभोळहून धोपावे, तवसाळहून जयगड. दाभोळची फेरी नसती तर वाशिष्ठी नदीला वळसा घालून चिपळूणकडून यावं लागलं असतं. शेवटची बोट किती वाजता ते आदल्या दिवशी मुक्कामाच्या घरी विचारून ठेवा, धक्क्यावर पोचून बोट जाताना बघणं फार वाईट असतं, अनुभव आहे.

नवी सायकल नको, फक्त खाचांचे टायर काढून गुळगुळीत टाका, निम्मी दमछाक त्यानेच कमी होईल. सामान कॅरिअरला, दोन्ही बाजूंना सारखं. जादा ट्यूब दोन, पंक्चरचं सामान, छोटा पंप. ट्यूबचा व्हॉल्व्ह कुठला आहे ते आत्ताच बघून घ्या. स्कूटरसारखा जाड असेल तर कुठल्याही गावात पंक्चरवाला हवा भरून देईल, बारीक टोकदार असेल तर त्याचा पाइप लागतच नाही, मग एक पितळी अडॅप्टर खिशात हवा, बोटाच्या पेराएवढा असतो, सारखा हरवतो, म्हणून दोन घ्या.

प्रश्न: मी निवृत्त, खारघरला राहतो, रोज सायकलवर दूध आणायला जातो. आमच्या वळणावर गटाराची जाळी अशी आहे की पट्ट्या रस्त्याच्या दिशेने, चाक फटीत जातं. दोनदा अर्ज दिला, उत्तर नाही.

उत्तर: काका, त्या जाळीने माझा पण एक दात घेतलाय, दुसऱ्या भागातल्या, पण जात तीच. पट्ट्या आडव्या असत्या तर चाक वरून टणटण करत गेलं असतं.

आधी रस्ता नक्की कोणाच्या ताब्यात आहे ते काढा, सिडको, महापालिका की आणखी कोण, कारण चुकीच्या टेबलावरचा अर्ज तिथेच राहतो. आणि अर्जात एकच गोष्ट मागा. तुमच्या अर्जाची कॉपी वाचली, त्यात जाळी आहे, कुत्री आहेत, पार्किंग आहे, बंद दिवे आहेत. वाचणाऱ्याला सुटका मिळते, तो "संबंधित विभागाकडे वर्ग" करून मोकळा. नुसतं लिहा, अमुक सेक्टर, अमुक दिव्याच्या खांबाजवळ, इतक्या जाळ्या, फट इतकी रुंद, फिरवून आडव्या बसवा किंवा वरून आडव्या सळया वेल्ड करा. पोच घ्या. महिना गेला तरी हालचाल नाही तर २००५ च्या माहिती अधिकारात १० रुपये भरून विचारा, की अमुक तारखेच्या अर्जावर काय कारवाई झाली, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

फोटोत नुसती जाळी दाखवू नका. सायकलचं पुढचं चाक फटीत उभं करा आणि सायकल तशीच सोडून द्या. ती पडत नाही, उभी राहते. तो फोटो लावा.